विंडोज १० चे अपडेट थांबले आणि कॉम्प्युटर ११ घेत नाही: नवीन घेण्याआधी हे करून बघा

तक्रार बहुतेकांची सारखीच असते. कॉम्प्युटर सुरू होतो, काम करतो, पण मध्येच पडदाभर सूचना येते की या विंडोजचा सपोर्ट संपला आहे. अपडेटच्या पानावर लिहिलेलं असतं की हा पीसी विंडोज ११ साठी पात्र नाही. दुकानात विचारलं की उत्तर तयार असतं: नवीन घ्या. दहा वर्षांपूर्वी पैसे साठवून घेतलेलं यंत्र, त्यात काही बिघडलेलं नाही, आणि ते भंगारात काढायचं हे लोकांना पटत नाही. मलाही पटत नाही. दुरुस्तीच्या टेबलावर येणाऱ्या अशा यंत्रांपैकी बरीचशी अजून काही वर्षं नीट चालतील अशी असतात. फक्त सगळ्यांना एकच औषध लागू पडत नाही. यंत्र किती जुनं आहे यापेक्षा त्यावर रोज काय काम होतं, यावरून उपाय ठरवावा लागतो.

नेमकं काय थांबलं

विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्याच दिवशी ऑफिस २०१६ आणि ऑफिस २०१९ चाही संपला, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच आलेलं नाही. यंत्र बंद पडणार नाही, फाइली जाणार नाहीत, इंटरनेट चालू राहील. थांबलं ते एवढंच की विंडोजमध्ये नवीन भगदाड सापडलं तर ते बुजवणारं अपडेट आता आपोआप येणार नाही.

काही गोष्टी चालू आहेत. विंडोजसोबत येणाऱ्या डिफेंडर या अँटीव्हायरसला नवीन व्हायरसची ओळख ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहणार आहे. मायक्रोसॉफ्ट ३६५ चे वर्ड-एक्सेल आणि एज ब्राउझर यांचे सुरक्षा अपडेटही साधारण तोपर्यंत मिळतील. यावरून 'अँटीव्हायरस आहे ना, मग झालं' असं बरेच जण म्हणतात. ते पुरेसं नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे फाइली अडवून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर जगभर पसरलं ते विंडोजच्या फाइल शेअरिंगमधल्या एका भगदाडातून. ते बुजवणारं अपडेट मार्चमध्येच आलं होतं. ज्यांनी ते टाकलं नव्हतं ते अडकले, आणि त्यासाठी कुणी चुकीच्या लिंकवर बोट ठेवायचीही गरज नव्हती. एकाच नेटवर्कवर एक बाधित यंत्र असलं की बाकीच्यांचा नंबर लागत होता. पुढच्याच महिन्यात आलेल्या नॉटपेट्याने पसरण्यासाठी तेच भगदाड वापरलं, आणि नवी मुंबईच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचं काम त्यात ठप्प झालं होतं. म्हणून बँक, जीएसटी, गिऱ्हाइकांचा हिशेब ज्या यंत्रावर आहे, ते अपडेटशिवाय नेटला जोडून ठेवू नका. यावर मी कुणाशीही तडजोड करत नाही.

विंडोज ७ आणि ८.१ वाल्यांसाठी गाडी कधीच सुटली आहे. ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला आणि ८.१ चा १० जानेवारी २०२३ ला संपला. क्रोम या दोन्हींवर १०९ या आवृत्तीवरच थांबलंय, त्यामुळे सरकारी पोर्टल अर्धवट उघडणं, बटणं न दिसणं हे प्रकार तिथे रोजचे आहेत. त्यांनी खालचा विंडोजच्या वाढीव मुदतीचा भाग सोडून थेट पुढे जावं.

खरंच पात्र नाही का, हे आधी तपासा

बरीच यंत्रं 'अपात्र' दिसतात ती निव्वळ एक सेटिंग बंद असल्यामुळे. विंडोज ११ ला प्रामुख्याने तीन गोष्टी लागतात: टीपीएम २.० (एन्क्रिप्शनच्या किल्ल्या सांभाळणारी सुरक्षा सोय), सिक्युअर बूट करू शकणारं यूईएफआय (यंत्र सुरू करणारं नव्या पद्धतीचं मूळ सॉफ्टवेअर), आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीत बसणारा प्रोसेसर. यातला प्रोसेसर बदलता येत नाही, म्हणून तो आधी बघा. सेटिंग्ज, सिस्टीम, अबाउट इथे त्याचं पूर्ण नाव असतं. इंटेलचा असेल तर आय३, आय५ नंतरचा आकडा वाचा. आय५-४५७० म्हणजे चौथी पिढी, आय३-७१०० म्हणजे सातवी, आय५-८२५०यू म्हणजे आठवी. मोजके अपवाद सोडले तर आठवीपासून पुढचे चालतात. एएमडीचे साधारण रायझन २००० मालिकेपासून, पण त्यातले काही लॅपटॉपचे प्रोसेसर यादीत नाहीत. शंका असेल तर मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक हे मोफत ॲप चालवा, ते नेमकं कुठे अडलंय ते सांगतं.

प्रोसेसर बसतोय आणि टीपीएमवर अडलंय, असं दिसलं तर आनंद माना. असेंबल केलेल्या डेस्कटॉपमध्ये हे फार आढळतं. टीपीएम म्हटलं की लोक वेगळी चिप विकत घ्यायला निघतात. तशी गरज क्वचितच पडते, कारण या प्रोसेसरसोबत ती सोय आलेलीच असते, फक्त मदरबोर्डच्या बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये, बंद असते आणि तिथे तिचं नाव टीपीएम नसतं. इंटेलच्या बोर्डवर ती पीटीटी या नावाने सापडते, एएमडीच्या बोर्डवर एफटीपीएम या नावाने. बायोसमध्ये जायला सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबत राहा, ॲडव्हान्स्ड किंवा सिक्युरिटीच्या पानावर हे नाव शोधा, एनेबल करा, सेव्ह करून बाहेर या. मग विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून येणाऱ्या चौकटीत इंग्रजीत टीपीएम डॉट एमएससी लिहा. खाली 'स्पेसिफिकेशन व्हर्जन २.०' दिसलं की झालं.

हे करण्याआधी एक गोष्ट मात्र करायचीच. लॅपटॉपवर डिस्क कुलूपबंद करणारं बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का ते बघा, आणि असेल तर रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलेलं असेल तर ती त्या अकाउंटमध्ये सापडते. बायोसमध्ये टीपीएमला हात लावल्यावर पुढच्या वेळी निळ्या पडद्यावर ४८ आकडी की मागितली जाऊ शकते, आणि ती नसेल तर डिस्कवरचं काहीही परत मिळत नाही. दुरुस्तीवाल्यालाही नाही.

दुसरी अडचण बायोसच्या लेगसी मोडची, म्हणजे सुरू होण्याच्या जुन्या पद्धतीची. बरेच जुने डेस्कटॉप लेगसीत चालतात, विंडोज ११ ला यूईएफआय हवं असतं. कुठेतरी वाचून लोक थेट बायोसमध्ये जाऊन मोड बदलतात आणि मग 'ऑपरेटिंग सिस्टीम सापडत नाही' असं दिसून घाबरतात. काही गेलेलं नसतं. मोड पुन्हा लेगसी करा, विंडोज सुरू होईल. बरोबर क्रम असा की आधी बॅकअप, मग विंडोजमध्येच असलेल्या एमबीआरटूजीपीटी या टूलने डिस्कची मांडणी बदलायची, आणि त्यानंतर बायोसमध्ये यूईएफआय करायचं.

रुफस हे पेनड्राइव्हवर विंडोज उतरवणारं मोफत टूल वापरून, तपासणी वगळून, अपात्र यंत्रावर ११ टाकता येतं. दुकानांत ते सर्रास करून देतात. मी घरातल्या दुसऱ्या, खेळण्या-शिकण्याच्या यंत्रासाठी त्याला हरकत घेत नाही. धंद्याच्या यंत्रासाठी घेतो, कारण अशा यंत्राला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि वर्षाकाठी येणारं मोठं अपडेट हाताने टाकावं लागतं. कोअर टू ड्युओसारख्या जुन्या यंत्रांवर तर तोही मार्ग बंद आहे. २४एच२ या आवृत्तीपासून विंडोज ११ ला प्रोसेसरमध्ये ज्या सूचना लागतात त्या त्यात नाहीतच, त्यामुळे ते सुरूच होत नाही.

मंद चालतो, ही तक्रार वेगळी

सपोर्ट संपला आणि कॉम्प्युटर मंद झाला, या दोन गोष्टी लोक एकत्र करतात. मंदपणाचं कारण बहुतेक वेळा फिरती हार्ड डिस्क असते. टास्क मॅनेजर उघडा आणि काहीही चालू नसताना डिस्कच्या रकान्यात बघा. तो आकडा मिनिटामागून मिनिटं शंभर टक्क्यांजवळ अडकून राहत असेल तर विंडोज दोनदा फॉरमॅट करूनही फरक पडणार नाही. साधी अडीच इंची साटा एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली डिस्क, टाका. पुढे विंडोज ठेवा किंवा लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम घाला, हा खर्च वाया जात नाही. रॅम चार जीबी असेल तर आठ करा. जुन्या लॅपटॉपला कोणती रॅम बसते हे जुनी काढून तिच्यावरचं लेबल वाचूनच ठरवा. डीडीआर३ आणि डीडीआर४ एकमेकांच्या खाचेत बसत नाहीत, आणि डीडीआर३ मध्येही कमी व्होल्टेजची वेगळी येते.

आणखी एक गोष्ट इथेच सांगतो, कारण ती सपोर्ट संपल्याच्या खात्यावर उगाच जमा होते. कॉम्प्युटर सुरू केला की एकही वेबसाइट उघडत नाही, प्रत्येक ठिकाणी 'कनेक्शन सुरक्षित नाही' असं येतं. लोकांना वाटतं विंडोज जुनी झाली म्हणून. पडद्याच्या कोपऱ्यात तारीख बघा. ती कित्येक वर्षं मागची असेल तर मदरबोर्डवरचा सेल संपलाय. सीआर २०३२ नावाचा, नाण्याएवढा सेल असतो, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. वेबसाइटच्या प्रमाणपत्राला 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' अशी मुदत असते, आणि यंत्राचं घड्याळच मागे गेलं की आजचं प्रमाणपत्र त्याला वैध वाटत नाही. वीज पूर्ण बंद करून सेल बदला, बायोसमध्ये तारीख-वेळ लावा, तक्रार संपते. लोडशेडिंगच्या गावांत, जिथे मेन स्विच रोज बंद होतो, तिथे हा सेल लवकर जातो.

बॅकअप: डी ड्राइव्हच्या भरवशावर राहू नका

हा भाग मी मोठा लिहितोय, कारण माणसं सगळ्यात जास्त इथे रडतात. आपल्याकडे कॉम्प्युटर फॉरमॅट करणारा सी ड्राइव्ह पुसतो आणि डी, ई तसेच ठेवतो. वर्षानुवर्षांच्या या सवयीने 'डी मध्ये टाकलं की सेफ' हे डोक्यात पक्कं बसलंय. पण सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. डिस्क गेली की दोन्ही जातात. आणि लिनक्स टाकताना 'इरेज डिस्क' हा पर्याय निवडला तर तो पूर्ण डिस्क पुसतो, डी सकट. विंडोजच्या फॉरमॅटसारखं ते डी ला वगळत नाही.

म्हणून बाहेरची हार्ड डिस्क घ्या, निदान मोठा पेनड्राइव्ह, आणि त्यावर कॉपी करून दुसऱ्या कॉम्प्युटरवर काही फाइली उघडून बघा. कॉपी झाली आणि फाइल उघडते या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स हे सगळं सी मध्येच असतं, हे विसरलं जातं. टॅलीचं डेटा फोल्डर शोधा, त्याची जागा टॅलीतच दिसते. आउटलुक वापरत असाल तर मेल साठवणारी पीएसटी फाइल घ्या. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि बुकमार्क वेगळे काढा. आणि जुने मराठी फाँट असतील तर विंडोजच्या फाँट्स फोल्डरमधून तेही उचला. ते पुन्हा मिळतीलच असं नाही.

आता कामावरून ठरवा

टॅली, डिजिटल सिग्नेचरचा टोकन, निविदा, रिटर्न भरणं हे ज्या यंत्रावर होतं, त्याला विंडोजच ठेवा. टॅली विंडोजसाठीच आहे, आणि टोकनचे ड्रायव्हर आणि पोर्टलवर सही करणारी सॉफ्टवेअर विंडोजवर सगळ्यात कमी त्रास देतात. लिनक्सवर हे जमवता येतं का, यावर शनिवार-रविवार घालवता येतील, पण वीस तारखेला रिटर्न भरताना ते सगळं मानगुटीवर बसतं. अशा यंत्रासाठी वाढीव मुदत घ्या. घरगुती वापरकर्त्यांना विंडोज १० चे सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळण्याची सोय आहे. त्यासाठी यंत्रावर २२एच२ ही आवृत्ती हवी आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंट हवं. सेटिंग्जमध्ये अपडेट अँड सिक्युरिटी, विंडोज अपडेट इथे 'एनरोल' असं दिसतं. विंडोज बॅकअपने सेटिंग्ज सिंक केल्या तर पैसे लागत नाहीत, किंवा मायक्रोसॉफ्टचे १००० रिवॉर्ड पॉइंट, किंवा ३० डॉलरच्या आसपासची रक्कम रुपयांत. एका अकाउंटवर दहा यंत्रांपर्यंत चालतं. 'एनरोल' दिसतच नसेल तर आधी राहिलेले सगळे अपडेट संपवा आणि आवृत्ती तपासा, बहुतेक वेळा अडचण तिथेच असते. कंपनीच्या डोमेनला जोडलेल्या यंत्राला ही घरगुती सोय मिळत नाही.

ही मुदत म्हणजे नवीन यंत्रासाठी मिळालेला वेळ समजा. तेवढ्यात आठव्या पिढीचा, ऑफिसमधून निघालेला सेकंडहँड डेस्कटॉप बघून ठेवा. नव्याच्या किमतीच्या मानाने तो खूप स्वस्त पडतो आणि विंडोज ११ अधिकृतपणे घेतो.

डीटीपीवाल्यांची गोष्ट वेगळी. पेजमेकर ७ आणि श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या फाँटवर लग्नपत्रिका, हँडबिल, स्मरणिका करणारी दुकानं आपल्याकडे अजून गावोगावी आहेत. पेजमेकरचं पुढचं काम अडोबीने २००४ मध्येच थांबवलं. या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर युनिकोड, म्हणजे कुठल्याही यंत्रावर वाचता येणारा, नसतो; फाँट नसलेल्या यंत्रावर तीच फाइल उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा खिचडा दिसतो. वीस वर्षांच्या फाइली एका झटक्यात बदलता येत नाहीत. इथे माझा सल्ला स्पष्ट आहे: ते यंत्र जसं आहे तसं ठेवा, आणि नेटपासून तोडा. लॅनची वायर काढा, वायफायचा ॲडाप्टर डिव्हाइस मॅनेजरमधून डिसेबल करा. नुसतं 'नेट वापरत नाही' म्हणणं पुरत नाही. पोरं गेमसाठी हॉटस्पॉट जोडतात आणि तुम्हाला कळतही नाही.

अशा यंत्राला धोका उरतो तो पेनड्राइव्हचा. शॉर्टकट व्हायरस आपल्या झेरॉक्सच्या दुकानांतून किती फिरलाय हे सगळ्यांना माहीत आहे. गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह थेट त्यात घालू नका. आधी अपडेट मिळणाऱ्या दुसऱ्या यंत्रावर तपासा, हवी ती फाइल तुमच्या पेनड्राइव्हवर घ्या आणि तीच पुढे न्या. नवीन काम मात्र हळूहळू युनिकोडमध्ये सुरू करा. 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता, बालू यांसारखे फाँट मोफत आहेत आणि छपाईतही छान दिसतात.

दुकानात दोन-तीन यंत्रं एकाच लॅनवर असतील आणि जुनं यंत्र फाइल शेअरिंगसाठी जोडलेलंच ठेवावं लागत असेल, तर सगळ्या यंत्रांवर 'टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ' मध्ये जाऊन एसएमबी १.० या फाइल शेअरिंगच्या जुन्या पद्धतीची खूण काढा. वर सांगितलेल्या वॉनाक्रायची वाट तीच होती.

बाकी सगळ्यांसाठी, म्हणजे यूट्यूब, बँकेची वेबसाइट, ईमेल, मुलांचा अभ्यास, थोडं वर्ड-एक्सेल, पीडीएफ, प्रिंट, माझं उत्तर लिनक्स मिंट, लिनक्सचाच एक सोपा प्रकार. मिंट २२ ला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, फुकट. दोन जीबी रॅमवर ते सुरू होतं, पण सुखाने वापरायचं तर चार हवी. चार जीबीवाल्यांनी एक्सएफसीई आवृत्ती घ्यावी, आठ असेल तर सिनॅमन. खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, खाली पट्टी, उजवीकडे घड्याळ. विंडोज ७ वर एमएस-सीआयटी केलेल्या माणसाला सांगण्यासारखं फार काही उरत नाही. लिबर ऑफिस त्यात येतंच. साधी पत्रं आणि तक्ते नीट उघडतात, मॅक्रो असलेल्या एक्सेल फाइलींवर मात्र विसंबू नका.

फक्त ब्राउझरच लागतो अशांसाठी गूगलचं क्रोमओएस फ्लेक्स हाही पर्याय आहे. चार जीबी रॅम लागते, पूर्ण डिस्क पुसली जाते, आणि त्यावर अँड्रॉइड ॲप चालत नाहीत. आजी-आजोबांना व्हिडिओ कॉलसाठी यंत्र द्यायचं असेल तर मी ते देतो, एरवी मिंटच.

मिंट टाकताना जिथे गाडी अडते

आधी न टाकता चालवून बघा. दुसऱ्या यंत्रावर रुफस किंवा बालेना एचरने आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर मिंट उतरवा. त्यावरचं सगळं पुसलं जाईल. मग तो लावून यंत्र सुरू करताना बूट मेनूचं बटण दाबा: डेल, लेनोवोला बहुधा एफ१२, एचपीला एफ९. मिंट पेनड्राइव्हवरूनच पूर्ण चालू होतं, हार्ड डिस्कला हात न लावता. या अवस्थेत वायफाय, आवाज, कॅमेरा, पडद्याचा प्रकाश, लॅपटॉप मिटून उघडणं, सगळं तपासा. जे इथे चालतं ते नंतरही चालतं. वायफाय दिसलं नाही तर फोन यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करा, ड्रायव्हर मॅनेजर उघडा, काही जुन्या ब्रॉडकॉम कार्डांचा ड्रायव्हर तिथून लगेच मिळतो.

विंडोज ठेवून शेजारी मिंट टाकणार असाल तर दोन गोष्टी हमखास आडव्या येतात. मिंटमधून डी ड्राइव्ह उघडतो, पण त्यात काही सेव्ह होत नाही. कारण विंडोजचं फास्ट स्टार्टअप. विंडोज पूर्ण बंद होतच नाही, अर्धवट झोपते आणि ड्राइव्ह अडवून ठेवते. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समधून ते बंद करा. दुसरी गोष्ट, एकातून दुसऱ्यात गेलं की घड्याळ बरोबर साडेपाच तासांनी चुकतं. विंडोज यंत्राच्या घड्याळात भारतीय वेळ लिहिते, लिनक्स ग्रीनिचची. टाइमडेटसीटीएल या आज्ञेने लिनक्सलाही यंत्रात स्थानिक वेळच ठेवायला सांगता येतं. सेल बदलायला धावू नका.

मराठी टायपिंगसाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउट जोडा. इनस्क्रिप्ट येणाऱ्यांसाठी मराठीचं एनहान्स्ड इनस्क्रिप्ट आहे, इंग्रजी उच्चाराप्रमाणे लिहिणाऱ्यांसाठी फोनेटिक आहे. निवडल्यावर 'दुसऱ्या', 'ॲप', 'ऑफिस', 'ज्ञान' एवढे शब्द टाइप करून बघा. हे नीट उमटले तर बाकीचं अडत नाही.

आता प्रिंटर, कारण मिंट टाकून खूश झालेला माणूस दुसऱ्या दिवशी याच्यासाठीच परत येतो. एचपी लेझरजेट १०२० घराघरांत आहे. मिंट तो ओळखतं, नाव दिसतं, प्रिंट दिली की 'पूर्ण' असंही दाखवतं, पण कागद हलत नाही. प्रिंटर बिघडलेला नसतो. या प्रिंटरला स्वतःचं फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, कायम साठवायला जागा नाही. दर वेळी चालू केल्यावर कॉम्प्युटरने ते त्याला पाठवावं लागतं. विंडोजचा ड्रायव्हर हे गुपचूप करत असतो. लिनक्समध्ये एचपीलिप नावाचं सॉफ्टवेअर आधीपासून असतं, पण फर्मवेअरचा भाग वेगळ्या प्लगइनमध्ये आहे. नेट चालू ठेवा, एचपीलिपचं टूलबॉक्स उघडून प्लगइन इन्स्टॉल करा, मग प्रिंटर बंद करून पुन्हा चालू करा. क्षणभर मोटर फिरल्याचा आवाज आला की फर्मवेअर पोचलं. काही महिन्यांनी मिंटच्या अपडेटनंतर तो पुन्हा गप्प झाला तर एचपीलिपची आवृत्ती पुढे गेली आणि प्लगइन मागे राहिलं, असं समजा. तेच प्लगइन पुन्हा टाका. पी१००७, पी१००८ या त्याच्या भावंडांनाही हेच लागतं.

कॅनन एलबीपी २९०० असेल तर मी आधीच सांगून टाकतो: तो लिनक्सवर त्रास देतो. त्याची भाषा कॅननची स्वतःची आहे, कंपनीचा लिनक्स ड्रायव्हर जुना आहे, आणि एकदा बसवला तरी अपडेटनंतर टिकेल याचा भरवसा नाही. मिंटवरून पीडीएफ करून नेटशी न जोडलेल्या विंडोजच्या यंत्रावर छापणं हा त्यातला कमी कटकटीचा मार्ग.

ज्यांच्यासाठी यातलं काहीच नाही

३२ बिटचा प्रोसेसर असलेली, एक-दोन जीबी रॅमची अगदी जुनी यंत्रं उरतात. मिंट २२ त्यांच्यावर चढत नाही. डेबियन १२ या दुसऱ्या लिनक्सची ३२ बिट आवृत्ती चढते, डेबियन १३ पासून तीही सोय थांबली. पण आजच्या वेबसाइट एक जीबी रॅममध्ये मावत नाहीत, हे ऑपरेटिंग सिस्टीम बदलून सुटणारं नाही. अशा यंत्रावर टायपिंगचा सराव, गाणी, जुन्या सीडी बघणं एवढंच ठेवा. तेही नको असेल तर ई-कचऱ्याच्या अधिकृत संकलकाकडे द्या, आणि देण्याआधी मागचे चार स्क्रू काढून हार्ड डिस्क घरी ठेवून घ्या. यूएसबीच्या केसिंगमध्ये घातली की तीच डिस्क जुने फोटो काढून घ्यायला उपयोगी पडते.